काळी पाचवरून खाली: लग्नाच्या बँडमधल्या एका गायिकेचं प्रकरण

हे प्रकरण पारोळा तालुक्यातल्या एका गायिकेचं. नऊ मोसम ती लग्नाच्या बँडच्या गाडीवर उभी राहून गायली, आणि गेली तीन वर्षं स्वतःच्या जोरावर, बैठकीत बसून गाते. नाव देत नाही. तिनंच नको म्हटलं, आणि बँडच्या मास्तरांचंही तेच म्हणणं पडलं. सगळे तिला ताई म्हणतात, मीही तेच म्हणेन. धुळ्यात माझी ध्वनिमुद्रणाची एक खोली आहे, दहा बाय बाराची, भिंतींना जुन्या गोधड्या ठोकलेली. कार्यक्रमांना साउंडही मी देतो. ताईच्या पहिल्या एकटीच्या कार्यक्रमाला साउंड माझाच होता. तो कार्यक्रम पडला, आणि त्यात निम्मा वाटा माझा होता.

गाडीवरची जागा

पुण्या-मुंबईच्या वाचकाला बँड म्हटलं की गिटार आठवेल. आमच्याकडे बँड म्हणजे दोन क्लॅरिनेट, तीन ट्रंपेट, एक युफोनियम, साइड ड्रम, ढोल, ऑक्टोपॅड, ऑर्गन आणि हे सगळं ओढणारी पिकअप गाडी. गाडीवर भोंगे, मागे जनरेटर, कडेनं झगमग दिव्यांच्या माळा. बँडचं नाव फूटभर अक्षरात, आणि त्याखाली लहान अक्षरात ‘सोबत लेडीज सिंगर’. गायिकेचं नाव कुठंच नाही. पण सुपारी द्यायला येणारा माणूस खुर्चीत बसायच्या आधी विचारतो, “यंदा गायिका कोण?” नऊ वर्षं त्या प्रश्नाचं उत्तर ताई होती. लोक बँड ठरवत होते तो तिच्यासाठी.

तिचं उभं राहणं मला पाठ आहे. पदर कमरेला खोचलेला, डाव्या हातात गाडीचा लोखंडी कठडा, उजव्या हातात माईक, आणि ओठ माईकच्या जाळीला टेकलेले. कठड्याचा रंग जिथं तिचा हात असे तिथं उडाला होता. भोंगे पुढं तोंड करून, ती त्यांच्या मागं. म्हणजे स्वतःचा आवाज तिला थेट ऐकूच यायचा नाही. समोरच्या घरांच्या भिंतींवर आपटून परत आलेला ऐकायची. सतरा मीटरवर भिंत असेल तर आवाजाला जाऊन यायला सेकंदाचा दहावा भाग लागतो. द्रुत लयीत तेवढं अंतर बास होतं, माणूस हमखास मागं पडतो. ती पडायची नाही, कारण ती कानानं गातच नव्हती. ढोलाचा हादरा गाडीच्या पत्र्यातून तळपायांत यायचा, त्यावर ती लय धरायची. चप्पल काढून गायची ती त्यासाठी. लोकांना वाटे, भक्तिभाव आहे.

पट्टीचंही, म्हणजे गाण्याचा सा कुठं धरायचा त्याचंही, तसंच. आपल्याकडच्या बँडमधली क्लॅरिनेट आणि ट्रंपेट ही बी-फ्लॅटची वाद्यं, म्हणजे त्यांचा सा पेटीच्या पाचव्या काळ्या पट्टीवर, काळी पाचवर. वाजवणाऱ्याच्या बोटांना ती पट्टी सगळ्यांत सोपी, म्हणून बँड वर्षानुवर्षं तिथंच वाजतो. गाणारी बाई कोण आहे, तिचा गळा कुठं बसतो, हा विचार कोणी करत नाही. कुणाच्या मनात वाईट असतं असं नाही. तो प्रश्नच उपजत नाही. ताई नऊ मोसम काळी पाचमध्ये गायली. तुळशीच्या लग्नापासून चातुर्मास लागेपर्यंत, एकेका मोसमात पन्नासच्या आसपास लग्नं.

आता या प्रकरणाचा गाभा. गाडीवर गाणं कधी संपत नाही. नाचणाऱ्यांना मुखडा हवा असतो. मुखडा, एक अंतरा, पुन्हा मुखडा, तेवढ्यात मास्तरांची शिट्टी वाजते आणि ढोल पुढच्या गाण्यावर उडी मारतो. मधे श्वासभरही रिकामी जागा नसते. मारुतीच्या पारापासून मांडवापर्यंत तीन-साडेतीन तास एकच लांबलचक गाणं चालू असतं म्हणा ना. ताईची एक वही होती, लाल पुठ्ठ्याची, कोपरे तेलकट झालेले. तिच्यात दोनशेच्या वर गाणी. नंतर आम्ही ती चाळली तेव्हा दिसलं की जवळजवळ प्रत्येक पानावर मुखडा आणि एकच अंतरा आहे. खालचं पान कोरं. शेवटपर्यंत येणारी गाणी मोजली. अकरा निघाली.

ती गाडीवर होती तेव्हा हे आम्हाला नीटसं कळलं नाही. कळायला पुढं एक कार्यक्रम पडावा लागला.

घसा

नवव्या मोसमाच्या वैशाखात तिचा आवाज बसला. बसणं नेहमीचं; खडीसाखर, ज्येष्ठमध, गरम पाणी, दोन दिवसांत उठायचा. या वेळी तीन आठवडे उठला नाही. बोलताना आवाज मधेच फाटायचा, सकाळी तर नुसती हवा. धुळ्यात कान-नाक-घशाच्या डॉक्टरांनी दुर्बीण घालून पाहिलं. दोन्ही स्वरपट्ट्यांवर समोरासमोर गाठी. विळा धरून हाताला घट्टे पडतात तसे हे घट्टे, फक्त घशात. ते नेमके तिथंच होतात जिथं पट्ट्या एकमेकींवर सगळ्यांत जोरात आपटतात. कर्करोगाची भीती घेऊन गेलेली बाई घट्टे ऐकून हसली, असं तिचा नवरा सांगतो.

हे घट्टे का झाले ते आकड्यांत सांगतो, माझ्या धंद्याला ते सोपं पडतं. काळी पाचचा तार षड्ज, वरचा सा, म्हणजे सेकंदाला 466 कंपनं. त्या स्वरावर ती राहते तोवर दोन्ही पट्ट्या सेकंदाला 466 वेळा एकमेकींवर आपटतात. आणि भोंग्यांच्या मागं, जनरेटरच्या शेजारी, स्वतःला ऐकू येत नसताना माणूस गात नाही, ओरडतो. असं तीन तास. रात्री दहाला बंद करायचं असतं म्हणून शेवटचा अर्धा तास आणखी जोरात.

डॉक्टरांनी शस्त्रक्रिया काढली नाही. आधी विश्रांती, मग आवाजाचे व्यायाम, मग बघू, असं सांगितलं. कुजबुजणंही बंद. ज्येष्ठात ताई घरात पाटी घेऊन बसली. दोन लेकरांना पाटीवर लिहून रागवायची, आणि धाकट्याला अजून वाचता येत नव्हतं.

त्याच महिन्यात आणखी एक गोष्ट झाली. एका हळदीच्या मिरवणुकीचं तिचं गाणं कुण्या शूटिंगवाल्यानं यूट्यूबवर टाकलं होतं, ते चाललं. काही लाख लोकांनी पाहिलं. वर बँडचं नाव, खाली शूटिंगवाल्याचा मोबाइल नंबर, ताईचं नाव नाही. जळगाव जिल्ह्यातल्याच संजू राठोडचं गाणं 2024 मध्ये देशभर वाजलं तेव्हापासून आमच्याकडं प्रत्येक गाणाऱ्या पोराला वाटतं की आपण एका व्हिडिओच्या अंतरावर आहोत. ताईला तसं वाटलं नाही. ती पाटीवर एवढंच लिहून माझ्याकडं आली: “माझा आवाज बंद आहे आणि माझं गाणं चालू आहे. ते कुणाचं?”

मी वकील नाही, पण या खोलीत बसून एवढं शिकलोय. 1957 च्या कॉपीराइट कायद्यात गीतकार-संगीतकाराच्या हक्काखेरीज सादर करणाऱ्याचा हक्क वेगळा मानलाय, कलम 38, मुदत 50 वर्षं. म्हणजे चित्रण शूटिंगवाल्याचं असेल, गाणं आणखी कुणाचं असेल, पण त्या रात्रीच्या गाण्यावर गाणारीचाही हक्क आहे. भांडायला कुणी गेलं नाही. मी शूटिंगवाल्याला फोन केला, त्यानं दुसऱ्या दिवशी तिचं नाव घातलं. पैसे दिले नाहीत. नावाची किंमत पुढं कळली: दिवाळीआधी तिला थेट फोन यायला लागले.

मास्तर

असल्या गोष्टीत मालकाला खलनायक करायची रीत आहे. इथं तसं नाही. मास्तरांनी तिला एकोणिसाव्या वर्षी भजनी मंडळातून उचललं, घरच्यांना शब्द दिला, आणि नऊ वर्षं रात्री दोन वाजता का होईना, स्वतःच्या गाडीनं घरी सोडलं. लग्नामागं 3,000 रुपये आणि ओवाळणीतला निम्मा वाटा. आमच्याकडच्या मानानं वाईट नाही. पण डॉक्टरांची चिठ्ठी दाखवून पट्टी उतरवायची गोष्ट तिनं काढली तेव्हा मास्तर म्हणाले, “एका गळ्यासाठी दहा वाद्यं कशी फिरवू?” त्यांच्या बाजूनं ते खरं होतं. वाजवणारी माणसं कानानं शिकलेली, बोटं एका पट्टीत मुरलेली. तुळशीच्या लग्नाआधी मास्तरांनी दुसरी मुलगी घेतली. घेताना ताईच्या घरी येऊन सांगून घेतली. गळा ताईचा आणि रोजी दहा जणांची, यात दोघांचंही चुकलं नाही, आणि दोघांचंही जमलं नाही.

पडलेला कार्यक्रम

हा त्याआधीचा, श्रावणातला. नागपंचमीनंतरच्या रविवारी खान्देशात घरोघरी कानबाई बसते. नारळाला डोळे, नथ, दागिने लावून देवी सजवायची, रोटांचा नैवेद्य, रात्रभर गाणी, आणि सोमवारी सकाळी वाजतगाजत विसर्जन. धुळ्यात देवपुरातल्या एका कॉलनीनं सार्वजनिक कानबाई बसवली होती आणि ताईला एकटीला बोलावलं होतं. आवाज नुकता परत आला होता. डॉक्टरांनी आठवड्यात एक तास गायची परवानगी दिली होती. आम्ही दोन तास ठरवले. पहिली चूक ती.

दुसरी चूक माझी. तिच्या बँडची गाणी म्हणून मी साथीचे सगळे ट्रॅक काळी पाचमध्ये बनवले, आणि दोन मोठे टॉप, खाली सब-वूफर, असा रस्त्यावरचा साउंड शंभर बायांच्या अंगणात लावला. साडेआठला सुरू. ती उभी राहिली, ओठ माईकला टेकवले, पहिलं गाणं जोरात गेलं. मुखडा, अंतरा, मुखडा, आणि ट्रॅक संपला. शांतता. ताई मागं वळली.

तिथं कोणी नव्हतं. मागं पत्र्याची भिंत आणि कॉलनीच्या अध्यक्षांची स्कूटर.

प्रत्येक गाण्यानंतर ती वळत होती. शिट्टी येईल, ढोल येईल, या सवयीनं मान आपोआप फिरायची. मी घाईघाईनं पुढचा ट्रॅक सोडायचो. बाया मांडीवर हात ठेवून बसलेल्या. नाचायला त्या आल्याच नव्हत्या. चौदा गाणी एक्केचाळीस मिनिटांत संपली. दोन तासांचा कार्यक्रम नऊ वाजून अकरा मिनिटांनी आटोपला, आणि पुढच्या ओळीतली एक म्हातारी मोठ्यानं म्हणाली, “काय व बाई, गाडी मांगे राही गयी का तुनी?”

सगळं अंगण हसलं. ताईपण हसली, पण खुर्चीवर बसून पाणी प्यायली तेव्हा भांडं दातांवर वाजत होतं.

दहा वाजता मी साउंडचं मशीन बंद केलं. 2000 च्या ध्वनिप्रदूषण नियमांप्रमाणे उघड्यावर दहानंतर भोंगा चालत नाही, आणि कॉलनीत एक पोलिस राहायचा. वायरी गुंडाळत होतो तेवढ्यात बायांनी स्वतःच सुरू केलं. माईक नाही, वाद्य म्हणून एक ताट आणि चमचा. एक बाई ओळ टाकी, बाकीच्या उचलत. ओळ संपली की थोडी जागा. कुणी खोकलं, कुणी पान लावलं, कुणी म्हणालं ‘मग पुढं काय झालं’, आणि पुढची ओळ. ताईची आई त्यांच्यात बसलेली होती. तिनं लेकीला हातानं खाली ओढलं. ताई सवयीनं ओळ घाईत उचलायला लागली तशी आई म्हणाली, “दम ले व माय. कानबाई काई पळी नही जाई ऱ्हायनी.”

ती पहाटेपर्यंत गायली, आणि दुसऱ्या दिवशी घसा ठीक होता. मी ते लक्षात ठेवलं, कारण त्याचा अर्थ मला लागत नव्हता.

खोलीतले तीन महिने

अर्थ पेटीवर लागला. आश्विनात ताई माझ्या खोलीत आली. मी पेटीवर काळी पाच धरली, आईचं कानबाईचं गाणं म्हणायला लावलं. मग काळी चार. मग पांढरी पाच. मग काळी तीन. तिथं तिच्या भुवया खाली आल्या. इतका वेळ त्या वर ओढलेल्या होत्या हे तेव्हा दिसलं. अंगणात त्या रात्री बायांनी साधारण तीच उंची धरली होती, कोणी ठरवलं नव्हतं तरी. काळी तीनचा तार षड्ज 370 कंपनांचा. सेकंदाला शंभरेक धडका वाचल्या.

तिला तो आवाज आवडला नाही. जाड वाटला. ऐकून म्हणाली, “हा तर माझ्या आईचा आवाज.” तीन दिवस आली नाही. चौथ्या दिवशी आईला घेऊन आली, आणि दोघींनी आळीपाळीनं गायलं. मी सगळं रेकॉर्ड केलं. आईनं अडीच तासांत सत्तावीस गाणी सांगितली. कानबाईची, आखाजीच्या, म्हणजे अक्षय तृतीयेच्या, झोक्यावरची, गौराईची. प्रत्येक गाणं शेवटपर्यंत. काही गाण्यांना नऊ कडवी.

मग लाल वही काढली. कोरी पानं भरायची ठरली. हे काम वाटतं तेवढं सोपं नव्हतं, कारण दुसरा-तिसरा अंतरा नुसता पाठ करून भागत नाही. पहिल्या अंतऱ्यात जोर संपवून टाकायची नऊ वर्षांची सवय. तिसऱ्याला द्यायला काही शिल्लक नसायचं. शेवट तर तिला येतच नव्हता. गाणं संपवायचं म्हणजे काय करायचं, हे तिला खरोखर माहीत नव्हतं. शेवटची ओळ म्हणून झाली की ती पुन्हा मुखड्यावर जायची, गोल फिरत राहायची, शिट्टीची वाट बघत. आम्ही एका गाण्याचा शेवट अठरा वेळा केला. एकोणिसाव्या वेळी तिनं शेवटची ओळ हळू केली, थांबली, आणि मान वळवली नाही.

माईकची गोष्ट तांत्रिक आहे, पण सांगतो, कारण गाडीवरून बैठकीत येणाऱ्या प्रत्येकाला ती आडवी येते. जवळून गाणाऱ्यांसाठीचे माईक ओठ टेकवले की खालचे स्वर फुगवतात, आवाज भरदार होतो. शिवाय माईक तोंडाशी असला की भोंग्यांचा आवाज त्यात कमी शिरतो, शिट्टी मारत नाही. म्हणजे गाडीवर ताईची सवय शंभर टक्के बरोबर होती. अंगणात तीच सवय प्रत्येक ‘प’ आणि ‘भ’ला फटाका लावते. चार बोटं लांब धर, असं मी पन्नास वेळा सांगितलं. पाच मिनिटांत माईक परत ओठांशी. शेवटी माईक स्टँडवर लावला आणि तिच्या हातांत टाळ दिले. हात गुंतले, प्रश्न मिटला. वाद्यं एवढीच ठेवली: पेटी, ढोलकी आणि ते टाळ. ट्रॅक बंद. ट्रॅक थांबत नाही, आणि तिला थांबणाराच साथीदार हवा होता.

कोणती गाणी म्हणायची हा प्रश्न कायद्यानंही सोडवला, थोडासा. लग्नाच्या वरातीत वाजवलेलं गाणं कॉपीराइट कायदा उल्लंघन मानत नाही. कलम 52 मध्ये धार्मिक समारंभासोबत लग्नाची मिरवणूक आणि लग्नातले इतर सोहळे स्पष्ट लिहिलेत. त्यामुळं बँडवाल्याला आयुष्यात कधी परवाना हा शब्द ऐकावा लागत नाही. तिकीट लावून नाट्यगृहात तेच सिनेमाचं गाणं म्हटलं की गोष्ट बदलते, आयोजकाला परवाना काढावा लागतो. ताईला हे सांगितलं तर ती म्हणाली, “मग आईची गाणी कुणाची?” कुणाचीच नाहीत, म्हणजे सगळ्यांची. तिथून कार्यक्रमाचा कणा ठरला.

बहिणाबाई घ्यायच्या का, यावर आमच्यात वाद झाला. ताई अहिराणीतली, बहिणाबाईंची बोली असोद्याकडची लेवा. पारोळ्याच्या माणसाला ती आपली वाटते पण अगदी घरची वाटत नाही. हा फरक जळगावच्या पलीकडच्या माणसाला सांगून पटत नाही, आणि आम्हाला विसरता येत नाही. ताईनं घ्यायचं ठरवलं. बहिणाबाई 1951 मध्ये गेल्या, कविता पुस्तकरूपानं 1952 मध्ये आल्या. मरणोत्तर प्रकाशनाला तिथून 60 वर्षं धरली की 2012 च्या शेवटी त्या संग्रहातले शब्द मोकळे झाले. लोकांच्या कानात बसलेल्या चाली मात्र संगीतकारांच्या, त्या मोकळ्या नाहीत. म्हणून आईच्या जात्यावरच्या ओवीची चाल घेऊन तिनं स्वतः दोन कविता बसवल्या. एक बरी झाली. दुसरी मला अजून आवडत नाही, पण टाळ्या तिलाच जास्त पडतात.

बोलणं

पहिल्या निवेदनाचा कागद तिनं एका गुरुजींकडून लिहून आणला होता. ‘रसिक मायबाप’नं सुरू होणारा. तो वाचताना ती परक्या घरी आल्यासारखी दिसायची. कागद फाडला. गाण्यांच्या मधे ती आता अहिराणीत बोलते, आणि कशाबद्दल बोलते, तर त्या-त्या गाण्याच्या न गायलेल्या अंतऱ्याबद्दल. “हाई गानं तुम्ही शंभर सावा नाचनात. याना तिसरा अंतरा कोनले येस?” कुणालाच येत नसतो. मग ती म्हणते. कार्यक्रमाची सगळी गंमत या एका युक्तीत आहे, आणि ती युक्ती तिच्या कोऱ्या पानांतून आली.

2011 च्या जनगणनेत ‘खान्देशी’ या नोंदीखाली, जिच्यात अहिराणी येते, साडेअठरा लाखांच्या वर माणसं आहेत. घरी बोलणारे त्याहून कितीतरी असावेत, नोंदवताना मराठी सांगतात एवढंच. स्टेजवर अहिराणी म्हणजे विनोदी पात्राची भाषा, अशी सवय आम्हीच लावून घेतलीय. ताई तिच्यात साधं बोलते. पहिली दहा मिनिटं लोक विनोदाची वाट बघतात, मग सोडून देतात.

पुढच्या आखाजीला आईच्या माहेरी कार्यक्रम झाला. माहेरवाशिणी आलेल्या, निंबाला झोके बांधलेले, एक तास दहा मिनिटं, बारा गाणी. म्हाताऱ्यांनी दोन ठिकाणी कडवी चुकली म्हणून थांबवलं आणि बरोबर करून दिली. तो चांगला झाला, त्यावर जास्त लिहायची गरज नाही.

जळगावच्या नाट्यगृहातला तिकिटाचा कार्यक्रम वेगळा. माणसं कमी, एकशेचाळीस. पहिली वीस मिनिटं अहिराणी बोलणं पुढच्या ओळींपाशीच अडलं; तो भाग लेवा आणि शहरी, हसू उशिरा यायचं. मध्यंतरानंतर मागून एका पोरानं ओरडून त्या व्हायरल झालेल्या हळदीच्या गाण्याची फर्माईश केली. आयोजकांनी परवाना काढलेला होता. ताईनं पेटीवाल्याकडं पाहिलं, लय निम्मी केली, आणि ज्या गाण्यावर अख्खा जिल्हा नाचला होता ते बसून गायली. दुसरा अंतरा. तिसरा. तिसऱ्यात सासरी निघालेली पोर आईला विचारते की माझी खाट आता कुणाला देशील. नाचताना हे कुणी ऐकलंच नव्हतं. ओरडणारा पोरगा काही बोलला नाही. मी मशीनपाशी होतो, मला फक्त आकडे दिसत होते: सगळ्या कार्यक्रमातला सर्वांत कमी आवाज त्या तिसऱ्या अंतऱ्याचा होता.

हिशेब

बँडमध्ये एका मोसमाचे 48 लग्नांचे 1,44,000, वर ओवाळणी. एकटीच्या पहिल्या वर्षी कार्यक्रम नऊ. मानधन 15,000, त्यातून पेटी 2,500, ढोलकी 2,500, माझे 4,000, गाडी 1,500. हातात 4,500. वर्षाचे 40,500. ज्यांना वाटतं की एकटं गाणाऱ्याला सगळे पैसे मिळतात त्यांनी हा आकडा दोनदा वाचावा. बँडमध्ये गाडी, डिझेल, जनरेटर, सुपारी, भांडणं, सगळं मास्तरांच्या डोक्यावर होतं. माणसं कमी झाली तशी कामं तिच्या एकटीच्या अंगावर आली. पहिलं वर्ष नवऱ्याच्या शिलाईमशीनवर निघालं. दुसऱ्या वर्षी चौदा, तिसऱ्या वर्षी एकवीस कार्यक्रम, मानधन 20,000, हातात 8,500 प्रमाणे 1,78,500. म्हणजे ओवाळणी धरली तर ती आत्ता कुठं बँडच्या बरोबरीला येतेय.

यूट्यूबवर स्वतःचं चॅनल काढलंय. जाहिरातींचे पैसे सुरू व्हायला 1,000 सदस्य आणि वर्षभरात 4,000 तासांचं पाहणं लागतं. सदस्य व्हायला चौदा महिने गेले. श्रावणात कानबाईच्या गाण्यांना उकळी येते, बाकी वर्ष शांत. माझं मत असं की त्यावर संसार धरू नये, पण बंदही करू नये.

फोनची व्यवस्था मात्र शिकण्यासारखी. बँडमध्ये असताना लोक मास्तरांना फोन करायचे. नाव झाल्यावर थेट घरी यायला लागले, रात्री अकरालाही, आणि सगळे सुपारीसाठीच नसायचे. आता कार्यक्रमाचा नंबर सासूबाईंच्या फोनवर आहे. पहिलं बोलणं त्यांच्याशी. कोण, कुठलं गाव, कुणाचं लग्न, मांडव कुठं, मग आगाऊ बयाणा किती. फालतू फोन तिसऱ्या प्रश्नाला आपोआप तुटतो. बयाण्याशिवाय तारीख न देण्याचा नियमही सासूबाईंचाच. ताई स्वतः असती तर निम्म्या तारखा बोलण्यावर दिल्या असत्या.

मास्तरांच्या घरचं लग्न

गेल्या फाल्गुनात मास्तरांच्या मुलीचं लग्न झालं. आमंत्रण द्यायला मास्तर स्वतः आले, आणि चहा होईस्तोवर गाण्याबद्दल बोलले नाहीत. उठताना म्हणाले, वरातीत एक गाणं म्हटलंस तर पोरीला बरं वाटेल. सासूबाईंनी बयाणा मागितला नाही.

मी पाहुणा म्हणून गेलो होतो, मशीन दुसऱ्याचं. नवी गायिका गाडीवर होती. तिनं सरकून जागा दिली. ताई चढली, चप्पल काढली, कठडा धरला. वाजवणारे तेच जुने. मास्तरांनी शिट्टी तोंडात धरली होती ती काढली आणि वर बघून विचारलं, “बोल व बाई, कोणती पट्टी लेवानी?”

ताई म्हणाली, काळी तीन. क्लॅरिनेटवाल्या नानांनी कपाळाला हात लावला; त्या पट्टीला त्यांच्या वाद्यावर चार कोमल सुरांची कसरत पडते, आणि साठीच्या बोटांना ती नको असते. अर्धा स्वर खाली, पांढरी चार, चालेल का, असं त्यांनी विचारलं. ती त्यांना सोपी जाते. ताईनं हळू आवाजात एकदा गुणगुणून पाहिलं, मान हलवली. नानांनी आणि ट्रंपेटवाल्यांनी एकमेकांना सुरुवातीचा स्वर दाखवला, एकदा चुकला, पुन्हा धरला. वरात तेवढा वेळ रस्त्यात उभी होती, नवरदेवाची घोडी खूर आपटत होती, आणि मागून कुणीतरी ओरडत होतं की काय झालं, बँड का थांबला.